पेढीच्या जाळ्याला दुसरी वाट

ता. २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं सकाळीं ११ वाजून ४० मिनिटांनीं मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार एकाएकीं थांबवावे लागले. ते पुन्हां सुरू झाले तेव्हां दुपारचे पावणेचार वाजले होते, आणि बुडालेला वेळ भरून काढण्यासाठीं बाजार त्या दिवशीं संध्याकाळीं पांचपर्यंत उघडा ठेवण्यांत आला. एवढ्या मोठ्या संस्थेनें तारा तुटण्याचा विचारच केला नव्हता असें नाहीं. तिच्या केंद्रांना जोडणाऱ्या तारा अनेक होत्या आणि त्या दोन निरनिराळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या. तरीहि दोन्ही कंपन्यांच्या जोडण्या एकाच वेळीं डळमळल्या. पुढें जाहीर झालेलें कारण अगदीं साधें होतें: केंद्रांमधल्या रस्त्यावर चाललेलें खोदकाम व बांधकाम. माहिती सांठविणारी यंत्रणाहि त्या वेळीं अनपेक्षित रीतीनें वागली आणि संकट वाढलें. पण सुरुवात झाली ती रस्त्यावरच्या कुदळीपासून.

शहरोशहरीं विखुरलेल्या कचेऱ्या, शाखा, वखारी व कारखाने यांना मुख्य कचेरीशीं जोडणाऱ्या जाळ्यास 'वाइड एरिया नेटवर्क' असें म्हणतात. पूर्वीं शाखेची खातेवही शाखेंतच असे. तार तुटली तर निरोप अडे, व्यवहार अडत नसे. आतां खातें मुंबईच्या संगणकांत आणि खातेदार सांगोल्याच्या खिडकीपुढें, अशी स्थिति आहे. जोडणी तुटली कीं खिडकीमागच्या कारकुनाला समोरच्या माणसाची शिल्लकच दिसत नाहीं, आणि दवाखान्याचे पैसे काढावयास आलेला मनुष्य स्वतःचे पैसे असून रिकाम्या हातानें परत जातो. म्हणून प्रत्येक शाखेस दुसरी वाट, म्हणजे व्यवहारांत जिला बॅकअप लिंक म्हणतात ती, देण्याचा प्रघात पडला आहे.

या दुसऱ्या वाटेचें महत्त्व थोड्या गणितानें ध्यानांत येईल. एखादी जोडणी शेंकडा ९९.५ वेळ चालूं असते असें धरलें, तर वर्षाच्या ८,७६० तासांपैकीं सुमारें ४४ तास ती बंद राहणार. तितक्याच गुणाची दुसरी जोडणी तिच्या जोडीला दिली, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा काळ वर्षाकांठीं अवघा १३ मिनिटें निघतो. हा हिशेब ऐकून पेढीचा चालक संतुष्ट होतो व दुसऱ्या जोडणीच्या करारावर सही करतो. परंतु या हिशेबांत एक अट दडलेली आहे. एका जोडणीच्या बिघाडाचा दुसरीच्या बिघाडाशीं कसलाहि संबंध नसला पाहिजे. तसा संबंध असेल, तर १३ मिनिटांचे पुन्हां तासच्या तास होतात.

हा संबंध बहुधा जमिनीखालीं असतो. दोन कंपन्या, दोन करार, दोन बिलें आणि चर मात्र एकच, असा प्रकार फार आढळतो. रस्ता खणणें खर्चाचें आणि परवानग्यांचें काम असल्यामुळें एक कंपनी दुसरीच्या नळींतून आपली तार नेते, किंवा दोघीहि तिसऱ्या कंपनीची तार भाड्यानें घेतात. १८ जुलै २००१ रोजीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहराखालच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यांत एक मालगाडी रुळांवरून घसरून पेटली. अनेक कंपन्यांच्या फायबरच्या तारा त्याच बोगद्यांतून नेलेल्या होत्या. त्या आगींत जळाल्या आणि दूरदूरच्या शहरांत इंटरनेट मंदावलें.

तेव्हां दुसरी जोडणी घेतांना केवळ कंपनीचें नांव निराळें असून भागत नाहीं. तारेचा मार्ग नकाशावर काढून मागावा: ती कोणत्या रस्त्यानें येते, कोणत्या पुलावरून ओढा ओलांडते, कोणत्या केंद्रांत उतरते आणि इमारतीच्या कोणत्या भिंतींतून आंत शिरते. हा नकाशा करारास जोडावा व दरवर्षीं नवा मागावा. कंपन्या आपल्या सोयीनें मार्ग बदलीत असतात, आणि आज निराळ्या असलेल्या दोन वाटा गिऱ्हाइकाला न कळतां उद्यां एकत्र येऊं शकतात.

मुंबईच्या व्यापाऱ्यांना असा दुहेरी मार्ग फार पूर्वीं, आणि तोहि स्पर्धेच्या कृपेनें, मिळाला होता. १८७० सालीं सुएझ व एडन यांच्या मार्गें समुद्रतळांतून लंडनशीं तार जोडली गेली. एडन ते मुंबई हा तिचा भाग 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजानें टाकला. त्याच वर्षीं सीमेन्स बंधूंनीं उभारलेली, रशियांतून तेहेरानला येणारी जमिनीवरची तारहि चालूं झाली. तेथून पुढें निरोप सरकारी तारांनीं इराणच्या आखातावाटे कराचीस येत. एका वाटेवरचें संकट दुसरीवर येण्याचें कारण नव्हतें.

मोठ्या शहराबाहेरील लहान शाखेला दुसरी फायबर बहुधा मिळतच नाहीं. अशा वेळीं माध्यमच बदलावें. मोबाईलचें सिम घातलेला राउटर स्वस्त पडतो व एका दिवसांत बसतो. मात्र गांवच्या टॉवरलाहि कोठून तरी तार येतेच, आणि ती मुख्य जोडणीचीच तार असेल तर एका घावांत दोन्ही जातात. शिवाय वीज फार वेळ गेली कीं टॉवरची बॅटरीहि दम सोडते. उपग्रहाच्या जोडणीला जमिनीवरच्या कुदळीचें भय नाहीं. पण स्थिर भासणारा उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्यामुळें प्रश्न जाऊन उत्तर येण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागतो. खात्यांच्या नोंदीला तो चालतो, बोलण्यास तो त्रासाचा होतो. आणि कोंकणांतल्या आषाढसरींत त्याच्या लहरी क्षीण होतात त्या निराळ्याच.

पहिली वाट बंद पडली हें ओळखण्याचें काम राउटर करतो. दोन टोकांचे राउटर ठराविक अंतरानें एकमेकांस 'आहे' असा निरोप पाठवीत असतात. ओ.एस.पी.एफ. या प्रचलित पद्धतींत तो सामान्यतः दर १० सेकंदांनीं जातो, आणि ४० सेकंद कांहींच ऐकूं आलें नाहीं तर पलीकडचा गेला असें समजून वाहतूक दुसऱ्या वाटेनें वळविली जाते. बी.एफ.डी. या पद्धतीनें हाच निर्णय एका सेकंदाच्या आंत घेतां येतो. परंतु साफ तुटलेल्या तारेपेक्षां आजारी तार अधिक घातक. तिच्यांतून 'आहे'चा लहानसा निरोप कसाबसा पार पडतो आणि कामाची माहिती मात्र गळत राहते. राउटरच्या दृष्टीनें सर्व ठीक, आणि खिडकीपुढची रांग हालत नाहीं. यासाठीं जिवंतपणाबरोबर गळती आणि विलंब हींहि मोजणारी व्यवस्था असावी. मुख्य तार परत येतांच घाईनें तिच्याकडे वळूं नये. कांहीं मिनिटें ती स्थिर राहिलेली पाहून मगच वळावें. नाहीं तर वाहतूक दर मिनिटास इकडून तिकडे उड्या मारीत बसते.

दुसरी वाट बहुधा अरुंद असते. म्हणून पैशांचे व्यवहार आधीं, पत्रव्यवहार नंतर, आणि पाळतीच्या कॅमेऱ्यांचीं चित्रें शेवटीं, हा क्रम राउटरला अगोदरच शिकवून ठेवावा.

८ जुलै २०२२ रोजीं कॅनडांत रॉजर्स कंपनीचें मोबाईलचें व तारेचें असें दोन्ही जाळें एका चुकीच्या बदलामुळें देशभर कोसळलें. डेबिट कार्डांची सेवा देणारी इंटरॅक ही संस्था मुख्यतः याच कंपनीवर अवलंबून होती. तीहि त्याबरोबर थांबली आणि दुकानांतून कार्डें चालेनाशीं झालीं. दुसरा पुरवठादार जोडण्याचें तिनें त्यानंतर जाहीर केलें. दुरुस्तीस निघालेल्या रॉजर्सच्या तंत्रज्ञांची अडचण तर विलक्षण होती: बिघडलेल्या यंत्रांपर्यंत पोंचण्याची त्यांची वाटहि त्याच कोसळलेल्या जाळ्यांतून जात होती. ज्याला दुरुस्ती करावयाची, त्याच्या हातांत निराळ्या कंपनीचा दूरध्वनि आणि राउटरपर्यंत पोंचण्याचा निराळा मार्ग हवा, तो याकरितां.

राखीव जोडणी महिनोनमहिने स्वस्थ पडून असते. तेवढ्या काळांत सिमचा रिचार्ज संपतो, सफाईच्या वेळीं कोणीतरी प्लग काढतो, खोलीची किल्ली बदली झालेल्या व्यवस्थापकाबरोबर निघून जाते. म्हणून महिन्यांतून एकदां, शाखेस आगाऊ कळवून, मुख्य तार हातानें काढावी व तासभर काम दुसऱ्या वाटेनें चालवून पाहावें. वेळ मात्र दुपारच्या गर्दीची घ्यावी. रात्रीं अकराला रिकाम्या शाखेंत कोणतीहि जोडणी पुरेशीच वाटते.