मेदकण : जनुकांचे पेशीतील वाहक

प्रस्तावना :
सदोष जनुकामुळे होणाऱ्या आजारात निर्दोष जनुक पेशीपर्यंत पोहोचविणे, हे जनुकीय उपचारपद्धतीचे मूळ सूत्र होय. मात्र डीएनएचा रेणू मोठा व ऋणप्रभारित असतो. पेशीपटलाचा पृष्ठभागही ऋणप्रभारित असल्याने तो आपणहून आत शिरू शकत नाही. शिवाय रक्तातील विकरे त्याचे तुकडे करतात. म्हणून वाहकाची आवश्यकता भासते.

विषाणू वाहकाची मर्यादा :
जनुके वाहून नेण्यात विषाणू निसर्गतःच निष्णात आहेत. परंतु १९९९ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एका प्रयोगात ॲडेनोविषाणू वाहकामुळे उद्भवलेल्या तीव्र रोगप्रतिकारक प्रतिक्रियेने जेसी गेल्सिंगर या १८ वर्षांच्या युवकाचा मृत्यू झाला. यकृतातील एका विकराच्या दोषामुळे त्याच्या रक्तात अमोनिया साठत असे. या घटनेने वाहकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आणला.

मेदकणांचे कार्य :
फॉस्फोलिपिडे पाण्यात मिसळल्यास सूक्ष्म पिशव्या आपोआप तयार होतात, हे १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी दाखविले. या पिशव्यांनाच लिपोसोम म्हणतात. १९८७ मध्ये फिलिप फेल्गनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी धनप्रभारित लिपिडाच्या साहाय्याने डीएनए पेशीत पोहोचविला. विजातीय प्रभारांच्या आकर्षणामुळे लिपिड डीएनएला बांधून ठेवते व पेशीपटलालाही चिकटते. तथापि, असे लिपिड रक्तातील प्रथिनांनाही चिकटते आणि पेशींना अपायकारक ठरते. म्हणजेच जो गुण उपयोगी, तोच घातक.

आयनीभवनक्षम लिपिडांनी हा पेच बऱ्याच अंशी सोडविला. ती रक्तात जवळजवळ प्रभाररहित राहतात. पेशीने कण गिळल्यावर तो एका आम्लधर्मी पिशवीत अडकतो. तेथे लिपिड धनप्रभारित होऊन पिशवीचे पटल भेदते व आतील द्रव्य पेशीद्रवात मुक्त होते. २०१८ मध्ये मान्यता मिळालेले पॅटिसिरन हे औषध आणि २०२० मध्ये वापरात आलेल्या कोविड-१९ वरील एमआरएनए लसी याच तत्त्वावर आधारित आहेत. आरएनएचे कार्य पेशीद्रवातच होते. डीएनएला मात्र पुढे केंद्रकात शिरावे लागते. हा अडथळा अद्याप मोठा आहे.

समारोप :
२०२५ मध्ये फिलाडेल्फियातच, गेल्सिंगरच्या आजाराच्याच गटातील विकार असलेल्या एका अर्भकावर उपचार झाले. जनुकातील चूक दुरुस्त करणारी यंत्रणा आरएनएच्या रूपात मेदकणांतून यकृतात पोहोचविण्यात आली. विषाणू वाहक एकदा दिल्यावर शरीरात प्रतिपिंडे तयार होतात व दुसरी मात्रा देणे कठीण होते. येथे मात्र तीन मात्रा देता आल्या. शिरेतून दिलेले मेदकण प्रामुख्याने यकृतातच जमा होतात. त्यामुळे मेंदू, स्नायू आदी अवयवांपर्यंत ते नेणे, हे या संशोधनापुढील खरे आव्हान आहे.