औषधांना दाद न देणारा अपस्मार, शस्त्रक्रिया आणि पुनर्वसनाच्या गरजा : नागपूर विभागाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
अपस्मार हा मेंदूचा दीर्घकालीन विकार असून समाजात तो फेफरे, मिरगी किंवा आकडी या नावांनी ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे. योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. उरलेल्यांपैकी काहींसमोर मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पर्याय येतो. शस्त्रक्रियेने झटके थांबू शकतात. परंतु झटक्यांमुळे हुकलेले शिक्षण, सुटलेला रोजगार व गमावलेला आत्मविश्वास आपोआप परत येत नाही. म्हणून अशा रुग्णाचे पुनर्वसन शस्त्रक्रियेच्या निर्णयापूर्वीच सुरू होणे का आवश्यक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

औषधरोधक अपस्मार म्हणजे काय? :
आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१० मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, योग्य निवडलेली, सहन होणारी व योग्य मात्रेत घेतलेली दोन औषधे देऊनही झटके कायमचे थांबत नसतील, तर तो अपस्मार औषधरोधक समजावा. ही मर्यादा दोनच औषधांची का, याचे उत्तर ग्लासगो येथील २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सापडते. पहिल्या औषधाने ४७ टक्के रुग्णांचे झटके थांबले, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांचे. त्यानंतरच्या प्रयत्नांत मात्र केवळ ४ टक्क्यांच्या आसपास रुग्णांना यश आले. सारांश, वर्षानुवर्षे औषधे बदलत राहण्यात रुग्णाचा उमेदीचा काळ निघून जातो. अर्थात, गोळ्या महाग पडल्यामुळे किंवा गावात न मिळाल्यामुळे खंडित झालेला उपचार म्हणजे औषधरोधक अपस्मार नव्हे. हा फरक प्रथम तपासला पाहिजे.

शस्त्रक्रियेचे फलित आणि त्याची मर्यादा :
झटक्यांचे उगमस्थान निश्चित सापडले आणि तो भाग काढणे सुरक्षित असले, तरच शस्त्रक्रिया करता येते. त्यासाठी एमआरआय, झटक्यांचे चित्रीकरण करणारा व्हिडिओ ईईजी आणि स्मृती व भाषेच्या मानसशास्त्रीय चाचण्या कराव्या लागतात. टेम्पोरल लोब, म्हणजे कानशिलाच्या आतील मेंदूचा भाग, येथून उद्भवणाऱ्या अपस्मारावरील कॅनडातील ८० रुग्णांची चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. एका वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. केवळ औषधे घेणाऱ्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. शस्त्रक्रियेच्या गटाचे जीवनमानही सुधारले. तथापि, नोकरी वा शिक्षणात असलेल्यांच्या प्रमाणातील फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरला नाही. झटके थांबणे आणि आयुष्य मार्गी लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत ११६ मुलांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका वर्षानंतर हे प्रमाण अनुक्रमे ७७ व ७ टक्के आढळले. मात्र शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी सुमारे ३३ टक्के मुलांना गंभीर प्रतिकूल परिणाम सोसावे लागले. त्यांत शरीराच्या एका बाजूचा अशक्तपणा प्रमुख होता. अशा मुलांना फिजिओथेरपी लागणार, हे पालकांना आधीच ठाऊक असले पाहिजे.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या गरजा :
पहिली गरज वास्तव अपेक्षांची आहे. शस्त्रक्रियेनंतरही काही काळ गोळ्या चालू राहतात आणि काहींचे झटके पूर्णपणे थांबत नाहीत, हे रुग्ण व कुटुंब या दोघांनाही सोप्या भाषेत समजावून सांगितले पाहिजे. दुसरी गरज स्मृतीसंबंधीची आहे. डाव्या टेम्पोरल लोबवरील शस्त्रक्रियेनंतर सुमारे ४४ टक्के रुग्णांची शाब्दिक स्मृती घटते, असे २०११ च्या एका आढाव्यात दिसून आले. शिक्षक, दुकानदार किंवा परीक्षार्थी यांच्यासाठी ही हानी मोठी आहे. त्यामुळे टिपणवही, गजराचे घड्याळ, ठरलेली दिनचर्या अशा पर्यायी सवयी आधीच लावणे हितावह ठरते. तिसरी गरज भाषेची आहे. स्मृतीची चाचणी इंग्रजीत किंवा प्रमाण हिंदीत झाली, तर गडचिरोलीच्या गोंडी भाषक अथवा मेळघाटच्या कोरकू भाषक रुग्णाचे कमी गुण स्मृतीची नव्हे, भाषेची अडचण दर्शवितात.

शस्त्रक्रियेनंतरच्या गरजा :
ज्याला विहिरीजवळ, चुलीजवळ किंवा मळणीयंत्रावर कधी जाऊ दिले नाही, त्याच्याकडून घर एकाएकी सर्व जबाबदाऱ्यांची अपेक्षा करू लागते. आजाराची ओळख गळून पडल्यावर येणाऱ्या या ताणाला अभ्यासकांनी ‘सामान्यतेचे ओझे’ असे म्हटले आहे. या काळात नैराश्यही येऊ शकते. त्यामुळे समुपदेशनात रुग्णाबरोबर आईवडील व जोडीदार यांचाही समावेश हवा. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या जर्मनीतील बेथेल संस्थेत शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ व व्यवसाय मार्गदर्शक एकत्रितपणे पुनर्वसनाचा कार्यक्रम राबवितात. त्याचा लाभ रोजगाराच्या बाबतीत दिसून आला आहे.

विवाहाचा प्रश्नही याच टप्प्यावर उभा राहतो. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांतील अपस्माराचा अडसर दूर झाला. तरीही स्थळ पाहताना आजार लपविण्याची रीत कायम आहे. पुण्यातील संवेदना फाउंडेशनचा स्वमदत गट व विवाहविषयक साहाय्य यामुळेच महत्त्वाचे ठरते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे. तथापि त्यात अपस्माराचा स्वतंत्र उल्लेख नाही. परिणामी अनेक रुग्ण सवलतींपासून दूर राहतात.

नागपूर विभागातील शक्यता :
नागपूर हे केवळ विदर्भाचेच नव्हे, तर शेजारच्या छिंदवाडा व बालाघाटसारख्या जिल्ह्यांचेही उपचारकेंद्र आहे. १९४७ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय, मेयो रुग्णालय आणि २०१८ पासून एम्स अशी शासकीय साखळी येथे आहे. सखोल तपासणीसाठी मुंबई, बंगळुरू किंवा तिरुवनंतपुरम गाठणारा रुग्ण शेवटी परततो तो याच भागात. म्हणून शस्त्रक्रिया कोठेही होवो, पुनर्वसनाचा भार नागपूरने व जिल्हा रुग्णालयांनी उचलणे व्यवहार्य आहे. त्यासाठी पुढील बाबी उपयुक्त ठरतील : घरी सोडताना मराठीतून लिहिलेली सूचनापत्रिका, ठरावीक अंतराने स्मृती व मनःस्थितीची तपासणी, शाळा अथवा मालकाशी समाजसेवा अधीक्षकाचा संवाद आणि आशासेविकेमार्फत गोळ्यांचा पाठपुरावा.

समारोप :
शस्त्रक्रियेचे यश केवळ थांबलेल्या झटक्यांवरून मोजणे अपुरे आहे. रुग्ण शाळेत परतला का, स्वतःच्या कमाईवर उभा राहिला का, एकटा बसने प्रवास करू लागला का, हेही तितकेच महत्त्वाचे निकष आहेत. पुनर्वसन हा उपचाराचाच भाग मानून त्याची आखणी शस्त्रक्रियेच्या तारखेपूर्वी झाली, तरच या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येण्याची शक्यता वाढेल.