टायर निवडावा मातीला विचारून

मृगाच्या आधी आपल्याकडे घराची कौलं चाळली जातात, छत्र्या दुरुस्त होतात, गोठ्यात वैरण भरली जाते. गाडीच्या टायरची पाळी मात्र शेवटी येते आणि तीही ‘रबर आहे की अजून’ एवढ्यावर निभते. आमचे टायरवाले मिस्त्री अशा वेळी एकच वाक्य ऐकवतात, “सर, रब्बर ऐति, हिडित इल्ला.” रबर आहे, पण पकड नाही. शेतावर, घाटात बायकामुलांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने हा फरक समजून घ्यायला हवा.

मी भूगोल शिकवतो, म्हणून टायरकडे मातीच्या बाजूने पाहतो. आपल्या जिल्ह्यात दोन माती आहेत. जांबोटी, कणकुंबीकडे जांभ्याची लाल माती. पावसात तिचा वरचा पातळ थर निसरडा होतो, पण खाली टणक असते. तिथे टायरच्या नक्षीच्या धारदार कडा तो थर कापून खाली रुततात. बैलहोंगल, सौंदत्तीकडे काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला चिकटते. तिथे खाचा रुंद आणि खोल हव्यात, म्हणजे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. खाचा भरल्या की नवा टायरही गुळगुळीत गोळा होतो.

यंदा माझ्या भाच्याला जीपला चिखलाचे ‘एमटी’ टायर हवे होते. “मामा, गाडी कशी रुबाबदार दिसते बघा!” मी त्याला आठवड्याचा हिशेब मांडायला लावला. सहा दिवस उद्यमबागेपर्यंत डांबरी रस्ता, रविवारी खानापूरकडचं शेत. एमटीचे मोठे ठोकळे डांबरावर घोंघावतात, लवकर झिजतात आणि त्यांवर बारीक चिरा कमी असल्याने ओल्या डांबरावर ब्रेकला उणे पडतात. दोन्हीकडे चालणारे ‘एटी’ त्याला पुरेसे होते. शेतात कधीच न जाणाऱ्याला तर साधे रस्त्याचे ‘एचटी’च बरे.

आता झिजेचं. नव्या एटीच्या खाचा साधारण 10 मिलिमीटर खोल असतात. कायद्याने मोटारीला 1.6 मिलिमीटर चालतात. खाचेतली छोटी उंचवटी तीच मर्यादा दाखवते. पण ती डांबराची मर्यादा. चिखलातली पकड निम्मी नक्षी झिजते तेव्हाच बरीच उतरलेली असते. कडा गोल होतात, बारीक चिरा अनेकदा तळापर्यंत नसल्याने आधीच नाहीशा होतात. कोरड्या डांबरावर मात्र हाच टायर छान धरतो, कारण बुटके ठोकळे हलत नाहीत. फसगत होते ती इथेच. आगपेटीची काडी खाचेत उभी धरून नखाने खूण करा आणि पट्टीवर मोजा. 5 मिलिमीटरच्या खाली असेल, तर त्या पावसाळ्यात चिखलाची वाट टाळलेली बरी.

फोर-व्हील गाडीला पुढे नवे, मागे जुने असे टायर घालू नयेत. 5 मिलिमीटरच्या फरकाने चाकाच्या एका फेरीत 3 सेंटिमीटरचं अंतर पडतं आणि त्याचा ताण गिअरवर येतो. म्हणून ठरावीक अंतराने टायरची अदलाबदल करावी. वयही पाहावं. टायरच्या बाजूवरचे चार आकडे, समजा 2319, म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. जुनं रबर कडक होतं. नक्षी दिसते, पकड जाते.

मऊ जमिनीत हवा थोडी कमी केली की चाक लांबट टेकतं आणि कमी रुततं. मात्र डांबरावर येताच हवा पुन्हा भरायलाच हवी, नाहीतर टायर तापून फुटू शकतो. पंप गाडीतच ठेवा.

आणि काळ्या रानात भर पावसात कुठलाच टायर भरवशाचा नाही. शेतकरी वाफसा येईपर्यंत औत घालत नाही. कन्नडमध्ये त्यालाच ‘हद’ म्हणतात. औताला जी माती थांबवते, तिने गाडीलाही थांबवलं तर कमीपणा नाही. एक दिवस उशिरा पोचलं म्हणून शेत कुठे जात नाही.