उन्हाळ्यात निजणारे बेटावरचे रोप

मांसल पानांच्या वनस्पतींना पाणी बेताचे लागते, हे बहुतेक बागप्रेमींना ठाऊक असते. मात्र पाणी किती द्यावे, यापेक्षा ते केव्हा द्यावे, हा प्रश्न काही वनस्पतींच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा ठरतो. कॅनरी बेटांवरील ‘इओनियम सेडिफोलियम’ हे पिवळ्या फुलांचे चिमुकले झुडूप त्यांपैकीच एक. हिवाळ्यात वाढायचे आणि उन्हाळ्यात निजायचे, हा त्याचा स्वभाव. तो ध्यानात न घेता पाणी दिले, की धडधाकट दिसणारे रोपही अल्पावधीत कुजून जाते.

कॅनरी बेटे आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यालगत, अटलांटिक महासागरात आहेत. ज्वालामुखीच्या उद्रेकांतून घडलेली ही बेटे स्पेनच्या अखत्यारीत येतात. त्यांचा अक्षांश साधारणपणे दिल्लीचाच, २८ अंश उत्तर; परंतु थंड सागरी प्रवाह आणि ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे यांमुळे किनारपट्टीचे हवामान वर्षभर सौम्य राहते. पाऊस पडतो तो मुख्यत्वे हिवाळ्यात. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. टेनेरिफ बेटाच्या वायव्य टोकाचा टेनो हा डोंगराळ भाग आणि ला पाल्मा बेटाचे कडे हे या झुडपाचे माहेर. खडकांच्या फटींत साठलेल्या ओंजळभर मातीत ते मुळे रोवून असते.

‘इओनियम’ या नावाच्या मुळाशी ‘चिरंतन’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. फिलिप बार्कर वेब आणि साबँ बेर्तेलो या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८४० मध्ये ही प्रजाती प्रस्थापित केली. आपल्या परिचयाची पानफुटी ज्या क्रॅसुलेसी कुळातील आहे, त्याच कुळात इओनियमचाही समावेश होतो. वीतभर उंचीच्या या झुडपाला असंख्य बारीक फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाशी इवल्या, फुगीर पानांचा झुबका असतो. पाने जेमतेम सेंटीमीटरभर लांबीची, स्पर्शाला चिकट आणि तांबूस रेषांनी नटलेली असतात. वसंतात झुडपावर गर्द पिवळी, चांदणीसारखी फुले येतात. ज्या झुबक्याला फुले येतात तो बी धरल्यानंतर मरतो. बाजूच्या फांद्या मात्र जगतात आणि झुडूप टिकून राहते.

विश्रांतीचा काळ

उन्हाळा सुरू झाला, की या झुडपाची वाढ थांबते. बाहेरची पाने गळतात, उरलेली आत मिटून गोळीएवढा घट्ट झुबका तयार होतो. रोप सुकत चालले, असा समज होऊन नेमके याच वेळी पाणी वाढवले जाते. निजलेल्या रोपाची मुळे ते पाणी शोषून घेत नाहीत. माती ओली राहते, बुरशी लागते आणि खोड बुंध्यापासून काळे पडते. वास्तविक, या काळात मुळे अगदीच वाळून जाऊ नयेत एवढ्यापुरते अधूनमधून थोडे पाणी पुरते. हवा थंड होऊन झुबके पुन्हा उलगडू लागले, की पाणी देण्याची वेळ आली असे समजावे. वाढीच्या दिवसांत भरपूर पाणी द्यावे आणि वरची माती सुकल्यावरच पुन्हा घालावे.

महाराष्ट्रातील अडचण येथेच आहे. एप्रिल-मेच्या उष्म्याने निजलेल्या या रोपावर जूनपासून पाऊस कोसळतो. म्हणून पावसाळाभर कुंडी छपराखाली, वारा खेळता राहील अशा उजेडाच्या जागी ठेवावी. ज्या भागांत हिवाळ्याच्या रात्री गार असतात, तेथे हे रोप रुळण्याची शक्यता अधिक. कोकणातील दमट उष्मा त्याला मानवणारा नाही. हिवाळ्यात सकाळचे ऊन अवश्य मिळावे, उन्हाळ्यात मात्र दुपारची सावली हवी.

कुंडी लहान आणि तळाला छिद्र असलेली असावी. जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे निम्मे आणि उरलेल्या भागात माती व कुजलेला पालापाचोळा, असे मिश्रण पाण्याचा निचरा चांगला करते. खत बेताचे आणि केवळ वाढीच्या काळात द्यावे. झुबक्यांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण लपतात. ते कापसाच्या बोळ्याने पुसून काढावेत.

रोपे कशी करावीत?

पानफुटीचे पान मातीवर टाकले, की त्याच्या कडेला रोपे फुटतात. इओनियमच्या बाबतीत ती अपेक्षा ठेवू नये. सुट्या पानापासून रोप होण्याचा भरवसा नसतो. येथे फांदीची छाटच उपयोगी पडते. रोप जागे झाल्यावर, म्हणजे आपल्याकडे थंडीच्या आरंभी, फुले न आलेल्या झुबक्यासह चार-पाच सेंटीमीटरची फांदी धारदार पात्याने कापावी. खालची पाने काढून कापलेला भाग सावलीत काही दिवस वाळू द्यावा. त्यावर पापुद्रा धरला, की फांदी किंचित ओलसर, वाळूमिश्रित मातीत खोचावी. साधारणपणे तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. तोवर कुंडी प्रखर उन्हात ठेवू नये.

बियांपासूनही रोपे करता येतात. बी धुळीसारखे बारीक असल्याने ते मातीच्या पृष्ठभागावर नुसते भुरभुरावे, वर माती लोटू नये. मात्र इओनियमच्या निरनिराळ्या जातींचा संकर सहज होतो. त्यामुळे अनेक जाती एकत्र असलेल्या बागेतील बियांपासून मूळ जातीचेच रोप मिळेल, याची खात्री देता येत नाही. छाटीपासून केलेले रोप मात्र हुबेहूब मातृरोपासारखे असते.

या सोप्या छाटीचे महत्त्व केवळ बागेपुरते नाही. संग्राहकांच्या हौसेपायी जगभरात मांसल वनस्पती रानातून ओरबाडल्या जात आहेत. ज्या झुडपाचे सारे नैसर्गिक अस्तित्व मोजक्या बेटांवरील कड्यांपुरते आहे, त्याच्या बाबतीत असे प्रत्येक उपटलेले रोप ही भरून न येणारी हानी ठरू शकते. रोप घेताना ते रोपवाटिकेत वाढवलेले आहे ना, याची चौकशी अवश्य करावी. एका जोमदार झुडपाच्या फांद्यांतून दरवर्षी डझनभर रोपे सहज तयार होतात. ती परस्परांना देत राहिल्यास कड्यावरच्या झुडपाला हात लावण्याची वेळच येणार नाही.