काच धरून कोण ठेवतं?

पॉवर विंडोची काच अर्धी वर ठेवा, किल्ली काढून घ्या आणि काचेच्या कडेवर तळहाताने जोर द्या. काच किंचित हलेल, पण खाली जाणार नाही. वीज बंद आहे, मोटर थंड आहे, तरी तीन-चार किलोची काच जागेवर उभी! तिला धरलंय कुणी?

उत्तर मोटरच्या टोकाशी, वर्म गिअरमध्ये आहे. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि त्यांत एक दातेरी चाक अडकलेलं असतं. आटा एकेरी असेल तर दांड्याच्या एका फेऱ्यात चाक जेमतेम एक दाता सरकतं. त्यामुळे वेग घटतो आणि जोर कितीतरी वाढतो. पण खरी किमया उलट दिशेला आहे. आट्यांचा चढ इतका कमी असतो, की चाकाने ढकललं तरी दांडा फिरत नाही. दाता आट्याच्या भिंतीवर नुसता दाबला जातो. टायर बदलताना गाडीच्या वजनाने जॅकचा स्क्रू उलटा फिरत नाही, तोही याच घर्षणामुळे. मोटर काचेला हलवू शकते, काच मोटरला नाही.

वायरिंगही तितकंच देखणं आहे. जुन्या गाड्यांत या मोटरला बहुधा दोनच वायर असतात. काच वर जाताना पहिली प्लस आणि दुसरी अर्थ, खाली येताना नेमकं उलट. बटण सोडलं, की दोन्ही अर्थला. मग फिरती मोटर क्षणभर जनरेटर होते, तिच्याच करंटने तिला ब्रेक लागतो आणि बोट उचललं तिथे काच थांबते. १९४० साली अमेरिकेत पॅकार्ड या मोटार कंपनीने पॉवर विंडोची सोय दिली, तेव्हा विजेच्या पंपाने तेल दाबून काच उचलावी लागे. त्यानंतर सगळा कारभार एका छोट्या मोटरवर आला.

ही रचना कळली की बिघाड शोधणं सोपं होतं. अनेक जुन्या गाड्यांत डाव्या दारातल्या मोटरचा अर्थ ड्रायव्हरजवळच्या, म्हणजे उजव्या दारातल्या मास्टर स्विचमधून जातो. डावीकडचं बटण दाबलं तरी करंटची वाट उजव्या दारातूनच! म्हणून डावी काच अडली, की दोषी उजव्या दारात सापडू शकतो. काच फक्त खाली जाते, वर येत नाही, अशी तक्रार असेल तर मोटरवर आळ घेण्याआधी स्विचचे पॉइंट बघा.

आधी कान द्या. मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि काच ढिम्म, म्हणजे काच मशीनची (काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेची) केबल तुटलीय किंवा प्लास्टिकची पुली फुटलीय. आवाज नाही, पण बटण दाबताच आतला दिवा मंदावतो, म्हणजे करंट पोचतोय आणि मोटर किंवा काच जाम आहे. दोन्ही नसेल तर फ्यूज, स्विच आणि वायर तपासा. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतल्या वायर आधी बघा. दार उघडताना दर वेळी त्या वाकतात आणि वर्षानुवर्षांनी आतलं तांबं तुटतं, बाहेरचं प्लास्टिक मात्र शाबूत.

टेस्ट लॅम्पवर आंधळा विश्वास नको. त्याला नखभर करंट पुरतो, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही तो लख्ख पेटतो आणि मोटर मात्र उपाशी राहते. मोटरच्या सॉकेटवर ५५ वॅटचा हेडलाइटचा जुना बल्ब लावून बघा. तो चार-साडेचार अँपिअर ओढतो. जोड कच्चा असेल तर लगेच मिणमिणतो. ही युक्ती मला फार आवडते. बल्ब दोन्ही दिशांना नीट पेटला, तरच मोटरवर संशय घ्यावा. तोही जरा थांबून, कारण बऱ्याच मोटरींत तापल्यावर करंट तोडणारं संरक्षण असतं. सारखं बटण दाबून मोटर तापली, तर काही मिनिटांनी ती आपोआप चालू होते.

काच मशीन काढण्याआधी काच पूर्ण वर करून चौकटीला रुंद चिकटपट्टीने घट्ट बांधा आणि फ्यूज काढा. काच बहुधा टफन्ड असते. सपाट बाजूवर ती मार सोसते, पण कडेला ठोका बसला तर क्षणात तिचे बारीक तुकडे होतात. दाराच्या पत्र्याच्या कडाही धारदार असतात, म्हणून हातमोजे हवेतच. केबल बहुतेक वेळा उगाच तुटत नाही. उन्हाने कडक झालेलं रबर काचेला आवळतं आणि जोर केबलवर येतो. म्हणून नवी मशीन बसवताना रबराची खाच पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस नको, त्यात धूळ बसते.

दाराच्या आत पावसाचं पाणी जातंच, आणि ते तसंच ठरवलेलं असतं. काचेवरून उतरलेलं पाणी तळाच्या भोकांतून बाहेर पडतं आणि डोअर पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा ते केबिनमध्ये येऊ देत नाही. घाईत हाच पडदा फाडून फेकला जातो, मग पॅड फुगतं आणि पायाखालचं मॅटिंग कुजतं. मुंबई-कोकणच्या पावसात तर याची फार मोठी किंमत मोजावी लागते. तेव्हा दुरुस्ती कुणीही करो, पॅड लावण्याआधी पडदा जागेवर चिकटवलाय आणि तळाची भोकं मोकळी आहेत, हे स्वतः बघून घ्या.