फोन असताना कॅमेरा कशाला?

शंकर नगरातून आज हाच नेहमीचा प्रश्न.

तेलीबांधा तलावावरची संध्याकाळ, घरची पंगत, यांना फोन पुरतो. अंधारात नाइट मोड एकामागून एक फोटो घेऊन जोडतो. तेवढ्यात नाचणारी नात हलते आणि चेहरा पुसट येतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, फोनच्या सेन्सरपेक्षा कितीतरी पट मोठा. तो क्षणात भरपूर प्रकाश गोळा करतो. बारनवापाराच्या जंगलातल्या दूरच्या गव्यालाही लांब लेन्सच हवी.

रोजच्यासाठी कॅमेरा घेऊ नका. गणेशोत्सवात नातीचा नाच असेल, तर एक दिवस भाड्याने आणा. फोनच असेल, तर नाइट मोड बंद करा आणि रंगमंचाजवळ बसा. तो नाच पुन्हा होत नाही.