लकडगंजची भूमिती: दिसतं तसं नसतं

नागपूरच्या लकडगंजात लाकडाच्या वखारी आणि आरामशिनी आहेत. शाळेतल्या आकृत्या इथे टेपने मोजल्या जातात आणि मोजमाप चुकलं की खिशाला चाट बसते. आकृत्यांबद्दलचे काही नेहमीचे गैरसमज इथल्याच मालावर तपासून पाहू.

गैरसमज १: ओंडका म्हणजे वृत्तचिती.
वस्तुस्थिती: खोड बुंध्याशी जाड असतं आणि शेंड्याकडे निमुळतं होत जातं. त्यामुळे ओंडका दहावीच्या पुस्तकातल्या शंकूछेदाला अधिक जवळचा. त्याचा घेर, म्हणजे गोलाई, मधोमध मोजायची ती यासाठीच. बुंध्याशी मोजली तर घेणारा बुडतो, शेंड्याशी मोजली तर विकणारा.

गैरसमज २: गोलाई दुप्पट, तर लाकूडही दुप्पट.
वस्तुस्थिती: लांबी तीच असेल तर लाकूड चौपट होतं, कारण छेदाचं क्षेत्रफळ घेराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ४ फूट गोलाईच्या एका ओंडक्यात २ फूट गोलाईच्या चार ओंडक्यांइतकं लाकूड असतं.

गैरसमज ३: 'गोलाई भागिले चार' या रीतीने खरं घनफळ मिळतं.
वस्तुस्थिती: लाकडाच्या व्यवहारातली ही जुनी रीत. गोलाईचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. ४ फूट गोलाई आणि १० फूट लांबीचा ओंडका या हिशेबाने १० घनफूट भरतो. वृत्तचितीच्या सूत्राने मात्र तो सुमारे १२.७ घनफूट येतो. साडेएकवीस टक्के लाकूड हिशेबात धरलेलंच नाही! पण गोल ओंडक्यातून चौकोनी माल काढताना कडा आणि भुसा वाया जातोच, त्याची ही ढोबळ सूट. एकच अखंड चौरस तुळई काढायची म्हटली, तर गोल छेदाचा जेमतेम ६४ टक्के भाग हाती लागतो.

गैरसमज ४: चारही बाजू सारख्या, म्हणजे चौरस.
वस्तुस्थिती: समभुज चौकोनाच्याही चारही बाजू सारख्याच असतात. चौकट एका अंगाला कलली तरी बाजूंची मापं बदलत नाहीत, काटकोन तेवढा जातो. म्हणून सुतार गुण्या लावतो आणि दोन्ही कर्ण मोजतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, तर चौकट काटकोनात. गुण्या नसेल तर कोपऱ्यापासून एका बाजूवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर ५ फूट भरलं पाहिजे.

गैरसमज ५: चौरस हा आयत नसतो.
वस्तुस्थिती: चौकोनाचे चारही कोन काटकोन असले की तो आयत. चौरस ही अट पाळतो, म्हणून प्रत्येक चौरस आयत असतोच. उलट मात्र खरं नाही.

गैरसमज ६: फळी म्हणजे आयत.
वस्तुस्थिती: फळीचा दर्शनी भाग आयत असतो, पण अख्खी फळी ही इष्टिकाचिती. १० फूट लांब, १ फूट रुंद आणि १ इंच जाड फळीत ०.८३ घनफूट लाकूड असतं. जाडी सोडली तर घनफूट काढताच येत नाही.

घरच्या दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण एकदा मोजून पाहा. दोन-चार सुतांचा फरक निघाला, तर दार अडकण्याचा सगळा दोष पावसाळ्याच्या माथी मारता येणार नाही.